पुण्यात बसून चीनमधल्या देहविक्रीच्या कायद्याचा अभ्यास कसा करावा

समाजकार्य, कायदा किंवा पत्रकारिता शिकणारी मुलंमुली प्रकल्पासाठी बुधवार पेठेत, म्हणजे पुण्यातल्या देहविक्रीच्या वस्तीत येतात, आणि अलीकडे त्यातली काही जण तुलनेसाठी चीन निवडतात. विषय मोलाचा आहे. पण वहीच्या पहिल्याच पानावर बहुतेकांचं एक वाक्य ठरलेलं असतं : 'चीनमध्ये वेश्याव्यवसाय गुन्हा आहे, भारतात नाही.' या वाक्याचे दोन्ही भाग अर्धवट आहेत, आणि त्यावर उभा केलेला सगळा प्रकल्प मग लंगडतो.

मी बुधवार पेठेत आरोग्यसेविका म्हणून काम केलं. आता शनिवारी संध्याकाळी नारायण पेठेत मैत्रिणीकडे आमचं वाचन मंडळ बसतं. तिच्या भाचीला चिनी येतं, ती कायद्याचा मूळ मजकूर वाचून आम्हाला मराठीत सांगते. कशा क्रमानं वाचलं तर विषय नीट उलगडतो, ते आता आम्हाला कळलं आहे. ते इथे लिहिते.

सुरुवात कलमापासून करू नका. एक बाई डोळ्यांसमोर ठेवा. दार वाजलं, रेड पडली, तिला गाडीत बसवलं. आता चार गोष्टी शोधायच्या : तिला कोण घेऊन गेलं, कुणाच्या सहीनं, कुठे ठेवलं आणि किती दिवस. चीन असो नाहीतर पुणे, या चार उत्तरांत त्या देशाचा खरा कायदा सापडतो. बाकी सगळं त्याच्या भोवती येतं.

दोन वेगळे कायदे, आणि मधली तिसरी जागा

चीनमध्ये देहविक्री करणं आणि त्यासाठी पैसे देणं, दोन्हीला बंदी आहे. पण ही बंदी फौजदारी संहितेत नाही. ती सार्वजनिक सुव्यवस्थेच्या शिक्षांचा जो कायदा आहे, त्यात आहे. २००५ साली झालेल्या आणि १ मार्च २००६ पासून लागू झालेल्या या कायद्याचं कलम ६६ वाचा. विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला १० ते १५ दिवसांची कोठडी, त्यावर ५,००० युआनपर्यंत दंड. प्रकरण किरकोळ असेल तर या २००५च्या कायद्यात ५ दिवसांपर्यंत कोठडी किंवा ५०० युआनपर्यंत दंड होता. सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावलं तर त्याचीही वेगळी शिक्षा.

आता सही कुणाची ते बघा. पोलिसांची. न्यायाधीश नाही, खटला नाही. नंतर दाद मागता येते, पण पंधरा दिवस आत काढलेल्या बाईला त्या दाद मागण्याचा उपयोग किती, याचा विचार तुम्हीच करा. म्हणून 'गुन्हा आहे' असं लिहू नका. 'पोलिसांच्या अधिकारात दिली जाणारी प्रशासकीय शिक्षा आहे' असं लिहा. वाक्य लांब होतं, पण बरोबर होतं.

हा कायदा २०२५ मध्ये सुधारून नव्यानं मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून नवी आवृत्ती लागू झाली. कलमांचे क्रमांक बदलले. त्यामुळे 'कलम ६६' लिहिताना '२००५चा कायदा' हे शब्द जोडायला विसरू नका, नाहीतर वाचणारा भलत्याच कलमावर जाऊन पोचेल.

फौजदारी संहिता लागते ती मुख्यतः धंदा चालवणाऱ्यांना. १९९७च्या संहितेत कलम ३५८ बायकांना संघटितपणे धंद्याला लावणाऱ्यांसाठी आणि जबरदस्ती करणाऱ्यांसाठी आहे. शिक्षा ५ वर्षांपासून थेट जन्मठेपेपर्यंत जाते. कलम ३५९ जागा देणाऱ्या, फूस लावणाऱ्या, गाठ घालून देणाऱ्यांसाठी. लैंगिक आजार आहे हे माहीत असताना धंदा करणाऱ्यांवर आणि पैसे देऊन जाणाऱ्यांवर कलम ३६० लागतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणि सर्वोच्च अभियोग कार्यालयानं मिळून स्पष्ट केलं की तीन किंवा अधिक जणांचा धंदा चालवला, त्यांचं व्यवस्थापन केलं, तर तो 'संघटित' धरायचा. हा तीनचा आकडा लक्षात ठेवा, हाँगकाँगकडे गेलात की उपयोगी पडेल.

२०१५च्या नवव्या दुरुस्तीवर एक पूर्ण पान द्या. त्या दुरुस्तीनं दोन मोठे बदल केले. धंदा संघटित करणं आणि जबरदस्तीनं करवणं या गुन्ह्यांची फाशी रद्द झाली. आणि चौदा वर्षांखालच्या मुलीकडे पैसे देऊन जाणाऱ्याला जे वेगळं, सौम्य कलम लागायचं, ते काढून टाकलं. आता तो सरळ बलात्कार. तोवर कायदा त्या लेकराला धंदा करणारी समजत होता. हे कलम जावं म्हणून तिथल्या स्त्रियांनी आणि वकिलांनी किती वर्षं आवाज उठवला, ते शोधून वाचा. चीनमध्ये कुणी बोलतच नाही असं आपल्याकडे समजतात, ते खरं नाही.

आता तिसरी जागा. ही चुकली तर अभ्यासाचा गाभाच चुकतो.

४ सप्टेंबर १९९१ रोजी तिथल्या संसदेच्या स्थायी समितीनं देहविक्रीवरच्या कडक बंदीचा निर्णय केला. त्यात पोलिसांना एक जादा अधिकार मिळाला : पकडलेल्या बाईला किंवा पुरुषाला सहा महिने ते दोन वर्षं 'ताबा आणि शिक्षण' केंद्रात ठेवण्याचा. १९९३ मध्ये मंत्रिमंडळानं त्याची नियमावली काढली. पुन्हा सापडली तर श्रमशिबिरात पाठवण्याची वाटही होती. म्हणजे कागदावर पंधरा दिवसांची शिक्षा, आणि त्याच कृत्यासाठी त्याच पोलिसांच्या सहीनं दोन वर्षं आत. नाव शिक्षणाचं, काम कारखान्यातलं. लैंगिक आजारांची तपासणी सक्तीची. आणि राहण्याजेवण्याचा खर्च साधारणपणे तिच्याकडून किंवा तिच्या घरच्यांकडून. नियमावलीत हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर विसंबायची गरजच नाही.

हे मी पेठेतल्या एका अक्कांना सांगत होते. कर्नाटकातून लहानपणी आलेल्या, आता वय झालेल्या, घरात चार पोरींना सांभाळणाऱ्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आणि तिचं पोरगं? ते कुणाकडं?" आमच्या मंडळात तोवर हा प्रश्न कुणी काढला नव्हता. मग भाचीनं नियमावली पुन्हा वाचली. गरोदर बाईला, आणि एक वर्षाच्या आतलं आपलं बाळ अंगावर पाजणाऱ्या बाईला केंद्रात न ठेवण्याची सूट होती. बाळ दीड वर्षाचं असेल तर ही सूट नाही. त्या दिवसापासून आम्ही आमच्या तक्त्यात (तो कसा आखायचा ते पुढे सांगते) 'मुलं' नावाचा एक रकाना घातला, तुम्हीही घाला.

श्रमशिबिरांची पद्धत डिसेंबर २०१३ मध्ये रद्द झाली. 'ताबा आणि शिक्षण' मात्र तसंच चालू राहिलं. २०१४ मध्ये एका प्रसिद्ध दूरचित्रवाणी अभिनेत्याला आधी १५ दिवसांची कोठडी आणि मग सहा महिने केंद्रात ठेवल्यावर देशभर चर्चा झाली, आणि शंभरावर अभ्यासक, वकिलांनी ही पद्धत बंद करा म्हणून जाहीर मागणी केली. हजारो अनाम बायकांनी जे भोगलं त्याची चर्चा व्हायला एक नावाजलेला पुरुष आत जावा लागला, याचा मला अजून राग येतो. ग्वांगझोचे एक वकील राजकीय सल्लागार परिषदेचे सदस्य होते, तेही पुन्हा पुन्हा प्रस्ताव देत राहिले. २०१८ मध्ये संसदेच्या विधी आयोगानं ही पद्धत हटवण्याची शिफारस केली आणि २८ डिसेंबर २०१९ला स्थायी समितीनं ती रद्द केली. दुसऱ्या दिवशी, २९ डिसेंबरला अंमल सुरू.

इथे बरीच मुलं लिहून टाकतात, 'चीनने २०१९ मध्ये वेश्याव्यवसायाला मोकळीक दिली.' नाही. पंधरा दिवसांची कोठडी आणि दंड तसाच राहिला. गेली ती दोन वर्षांची केंद्रं.

वहीत १९९१, १९९७, २००६, २०१३, २०१९ आणि २०२६ अशा ओळी मारा आणि प्रत्येक ओळीसमोर त्याच बाईचे चार प्रश्न आणि पाचवा मुलांचा रकाना भरा. १९९५ साली पकडलेली आणि २०२० साली पकडलेली, या दोघींचं आयुष्य किती वेगळं झालं असतं ते त्या तक्त्यात लगेच दिसतं.

१९४९कडे एकदा मागे वळा

आताच्या धोरणाची भाषा कुठून आली ते कळण्यासाठी एवढं वाचा. २१ नोव्हेंबर १९४९. नवं सरकार येऊन दोन महिनेही झाले नव्हते. बीजिंगमधली २२४ कुंटणघरं एका रात्रीत बंद केली. बायकांना शिक्षण-उत्पादन संस्थांत नेलं, औषधोपचार केले, काम शिकवलं, अनेकींची लग्नं लावली. शांघायमध्ये हेच काम सावकाश, वर्षानुवर्षं चाललं. १९६४ मध्ये देशातून लैंगिक आजार हटले असं जाहीर झालं. या मोहिमेत कितीतरी बायकांची मालकांच्या जाचातून खरोखर सुटका झाली, ते नाकारू नये. आणि 'तुला आम्ही सुधारणार, तुझी इच्छा असो नसो' हा सूरही तेव्हाच लागला. १९७८ नंतर बाजार खुला झाला, गावं सोडून माणसं शहरात आली, कारखाने उभे राहिले आणि धंदा परतला. तेव्हा कायदा करणाऱ्यांनी तोच सूर पुन्हा उचलला.

समाजाची बाजू कशी वाचायची

एकच 'चिनी वेश्या' अशी कुणी नाही. पान सुइमिंग या समाजशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकापासून लाल दिव्याच्या वस्त्यांत जाऊन अभ्यास केला. त्यांच्यासारख्यांच्या कामातून एक उतरंड दिसते : श्रीमंताची ठेवलेली बाई, कराओके बारमधली सोबतीण, सॉना आणि मसाजच्या जागी काम करणारी, केशकर्तनालयाच्या काचेमागे बसलेली, रस्त्यावरची, आणि सगळ्यात खाली बांधकामावरच्या मजुरांकडे जाणारी. पोलिसांचा हात सगळ्यात आधी खालच्या पायरीवर पडतो. आपल्याकडे वेगळं आहे का? बुधवार पेठेत रेड पडते तेव्हा बाणेरच्या, कल्याणीनगरच्या बंद फ्लॅटमध्ये कुणी जात नाही, असं आमच्या बायका म्हणतात.

खालच्या पायरीवर काय असतं हे दाखवण्यासाठी ये हाययान या कार्यकर्तीनं २०१२ मध्ये ग्वांगशी स्वायत्त प्रदेशातल्या बोबाय इथे जाऊन, अगदी स्वस्त अड्ड्यावर स्वतः बसून ते जगासमोर लिहिलं. तिच्यावर पुढे बराच दबाव आला. तिची पद्धत कुणाला पटेल, कुणाला नाही. मला तिचं धैर्य फार मोठं वाटतं.

दुसरी गोष्ट घरनोंदणीची, जिला तिथे हुकोऊ म्हणतात. गावात नोंद असलेली बाई शहरात राहते तेव्हा तिचा दवाखाना, तिच्या मुलाची शाळा हे सगळं त्या नोंदीला बांधलेलं असतं. आपल्या बायका रेशनकार्ड, आधार, गावच्या पत्त्याचा दाखला यांसाठी जे हेलपाटे घालतात, ते आठवलं की हे पटकन समजतं. गावाकडे काय काम करते ते सांगायचं नाही, पैसे मात्र दर महिन्याला पाठवायचे, हेही दोन्हीकडे सारखंच.

तिसरी गोष्ट लाज काढण्याची. २००६ मध्ये शेन्झेनच्या फूथ्येन भागात पकडलेल्या बायका आणि पुरुषांना पिवळे कपडे घालून रस्त्यावर उभं केलं, नावं जाहीर वाचली. लोक चिडले, पण पोलिसांवर. २०१० मध्ये तोंग्वानमध्ये बायकांना बेड्या आणि दोरी लावून, अनवाणी चालवल्याचे फोटो बाहेर आले, तेव्हाही तसाच क्षोभ झाला आणि सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाला अशा धिंडी थांबवायचा आदेश काढावा लागला. फेब्रुवारी २०१४ मध्ये सरकारी वाहिनीनं तोंग्वानचा धंदा छुप्या कॅमेऱ्यानं दाखवला आणि त्याच दिवशी साडेसहा हजार पोलीस शहरभर घुसले. त्या वेळी इंटरनेटवर कितीतरी सामान्य चिनी माणसांनी त्या बायकांची बाजू घेतली. म्हणून 'चिनी समाज याकडे तुच्छतेने पाहतो' असं सरसकट वाक्य लिहिण्याआधी या तीन प्रसंगांतल्या लोकांच्या प्रतिक्रिया वाचा. ली यिन्हे यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञ तर देहविक्रीवरची शिक्षाच काढा असं उघडपणे मांडत आल्या आहेत.

निरोधची गोष्ट मला आरोग्यसेविका म्हणून सगळ्यात जवळची. १ मार्च २००६ पासून लागू झालेल्या एड्सविषयक नियमांनी ठरावीक सार्वजनिक ठिकाणी निरोध ठेवणं बंधनकारक केलं. त्याच देशात पोलीस झडतीत निरोध सापडला की तो पुरावा मानत, असं ह्यूमन राइट्स वॉचनं २०१३ मध्ये नोंदवलं. एक खातं हातात देतं आणि दुसरं खातं त्याच वस्तूवरून पकडतं. मग बाई जवळ ठेवायचंच सोडून देते. पुण्यातही निरोधची पाकिटं वाटताना बायका मला म्हणायच्या, "ताई, ठेवते, पण रेडमध्ये दिसलं तर?"

हाँगकाँग आणि तैवान सोडून चालणार नाही

विषयात 'चिनी समाज' असेल तर फक्त बीजिंगचा कायदा पुरेसा नाही. हाँगकाँगमध्ये एकटीनं, स्वतःच्या खोलीत धंदा करणं कायदेशीर आहे. त्याच जागेत दोघी आल्या की (मुख्य चीनमध्ये आकडा तीनचा, इथे दोनचा) तो अड्डा ठरतो आणि चालवणाऱ्यावर गुन्हा. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणंही गुन्हा. त्यामुळे कायद्यानंच बाईला एकटं पाडलं : दार उघडताना शेजारच्या खोलीत मैत्रीण नाही, हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. तिथे १९९६ पासून 'झी तेंग' ही संस्था या बायकांसोबत काम करते. मकाऊमध्येही विकणं स्वतः गुन्हा नाही, अड्डा चालवणं आणि दलाली गुन्हा.

तैवानची कथा तर आंदोलनाची आहे. तैपेईत परवानाधारक बायका होत्या. १९९७ मध्ये महापौर चेन श्वेइ-पियान यांनी परवाने रद्द केले. १२८ बायका रस्त्यावर उतरल्या, चेहऱ्यावर टोप्या, मास्क लावून महापालिकेसमोर बसल्या आणि दोन वर्षांची मुदतवाढ मिळवली. ती २००१ मध्ये संपली. पुढे ६ नोव्हेंबर २००९ला घटनात्मक न्यायालयानं निकाल क्रमांक ६६६ दिला : विकणारीला शिक्षा आणि घेणाऱ्याला काहीच नाही, हे समानतेच्या विरुद्ध. २०११ मध्ये कायदा बदलला. स्थानिक सरकारांना खास क्षेत्र आखता येईल, त्या बाहेर दोघांनाही दंड. एकाही शहरानं क्षेत्र आखलं नाही. परिणामी समानता आली ती शिक्षेत. हा निकाल आमच्या मंडळात सगळ्यात जास्त वादाचा ठरला, तुमच्या गटातही तो मुद्दाम वाचा.

आता तुलना पुण्याशी

आपला १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला पेठेत सगळे 'पिटा' म्हणतात, तोच चार प्रश्न घेऊन वाचा. प्रौढ बाईनं स्वतःच्या मर्जीनं, खासगीत पैसे घेऊन संबंध ठेवणं हा गुन्हा नाही. पण अड्डा चालवणं, त्या कमाईवर जगणं, सार्वजनिक जागेपासून २०० मीटरच्या आत धंदा करणं, गिऱ्हाईक बोलावणं हे सगळे गुन्हे. अक्कांसारख्या, कधीकाळी स्वतः धंदा केलेल्या घरवालीवर, म्हणजे अड्डा चालवणाऱ्या बाईवर, यातली किती कलमं लागू शकतात ते मोजा.

आणि कलम १७ नीट वाचा. सुटका केलेल्या बाईला दंडाधिकारी एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतो. इथे सही पोलिसांची नाही, न्यायाधिकाऱ्याची आहे, आणि हा फरक मोठा आहे. पण तिला जायचं नसताना, तिच्या भल्यासाठी, कुलपाआड ठेवणं हे दोन्हीकडे आहे. चीनच्या केंद्रांची मुदत सहा महिने ते दोन वर्षं होती. चीनवर टीका करणारा परिच्छेद लिहून झाला की लगेच खाली या दोन्ही मुदती शेजारी शेजारी लिहा.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशाच तीन प्रौढ तरुणींची सुटका करताना म्हटलं की या कायद्याखाली देहविक्री स्वतः गुन्हा नाही. १९ मे २०२२च्या आदेशात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं : स्वेच्छेनं धंदा करणाऱ्या बाईला रेडमध्ये अटक किंवा त्रास नको, निरोध पुरावा धरायचा नाही, तिची ओळख छापायची नाही, संरक्षणगृहात इच्छेविरुद्ध अडकलेल्या प्रौढ बायकांचा आढावा घ्या, आणि पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार मिळण्याची सोय करा. हा आदेश छापून पिशवीत ठेवा. पेठेत जाताना तो तुमच्यापेक्षा तिथल्या बायकांना जास्त लागतो.

पेठेत जाणार असाल तर

दगडूशेठच्या गर्दीतून दोन मिनिटांत तुम्ही त्या गल्लीत पोचता, म्हणून ती बघायची जागा होत नाही. संध्याकाळी जाऊ नका, ती कामाची वेळ. दुपारी बारा ते तीन या वेळात, ओळखीच्या संस्थेच्या ताईंसोबत जा. मोबाइल खिशात. पहिल्या भेटीत वही काढू नका. 'या धंद्यात कशा आलात' हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो आणि प्रत्येक बाईला त्याचा कंटाळा आलेला आहे. त्याऐवजी चीनचा तक्ता हिंदीत समजावून सांगा आणि त्यांचं मत विचारा. एवढ्या वर्षांत कायद्यावर त्यांचं मत फार थोड्यांनी विचारलं आहे. बोलायला लागल्या की थांबत नाहीत.

लिहिताना 'देहविक्री करणारी महिला' लिहा. बाई स्वतःबद्दल 'मी धंदा करते' म्हणाली तर अवतरणात तिचेच शब्द ठेवा. चीनमध्ये अशा बायका एकूण किती, हा आकडा टाळा. बेकायदा ठरवलेल्या कामाची शिरगणती होत नसते आणि एकाचा अंदाज दुसऱ्याच्या दसपट निघतो. जबरदस्तीनं आणलेली मुलगी आणि स्वतः ठरवून बसलेली प्रौढ बाई यांना एकाच परिच्छेदात कोंबू नका. पहिलीसाठी आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं मानवी व्यापाराचं कलम १४३ आहे, आणि ते कडकपणे लागलंच पाहिजे.

मसुदा झाला की शेवटच्या पानावर प्रत्येक कायद्याच्या नावासमोर वर्ष आणि लागू झाल्याची तारीख टाका. मग पुन्हा पेठेत जाऊन तो मोठ्यानं वाचून दाखवा. ज्या बाईचं बोलणं घेतलं आहे तिनं 'हे काढ' म्हटलं तर कारण न विचारता काढा.